बाई बोलत नाई

आमच्या गुरुजींच्या मते जगात दोनच तऱ्हेचे शब्द होते. यमक असलेले आणि निराधार.

निराधार शब्द लहान मुलाच्या हाती देणं म्हणजे ते मूल मेळ्यात एकटं सोडून येणं, असं ते म्हणत. ‘शब्द जोडीनं पाठवावा हो. एक हरवला तर दुसरा रडून पत्ता सांगतो.’ ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी शाळेत ते शिशुवर्ग चालवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली नवी लागलेली बाई होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आपल्या नावाला चांगलं यमक मिळत नाही असं त्यांचंच म्हणणं होतं, आणि जे मिळत होतं ते छापण्याजोगं नाही.

काळी टोपी, कॉलर विरलेला कोट, आणि कोटाच्या एकाच खिशात खडू आणि पानाचे विडे. त्यामुळे विडा पांढरा झालेला असायचा आणि खडू लाल. त्यांचे आजोबा दक्षिणेतून तोफखान्याबरोबर इकडे आले. ‘आजोबांनी तोफा ओढल्या, वडिलांनी घोडे सांभाळले, मी पोरं वळतो,’ ते म्हणत. ‘उतरती भाजणी आहे खरी. पण आवाज तेवढाच.’ आवाज खरंच तेवढाच होता. आमच्या वर्गात शब्द सुटला की शेजारच्या चौथीच्या वर्गातलं गणित चुकायचं.

शब्दाचा अर्थ एका श्वासात सांगता आला पाहिजे, आणि तो मुलाच्या घरात सापडला पाहिजे, एवढेच त्यांचे दोन नियम. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर ते शब्द लिहीत आणि वर्गात आडव्या बांधलेल्या दोरीवर वाळत घातल्यासारखे टांगत. पोरं माना वर करून ओरडायची:

‘आजी माझी. भाजी तुझी.’

‘मान हलते. कान ओढतात. पान गुरुजींचं.’

‘मामा येतो. रामा जातो. कामा नये.’

यातला रामा म्हणजे शाळेचा चपराशी रामदीन. त्याला मराठी निम्मंच कळायचं. पण ‘रामा जातो’ ऐकू आलं की व्हरांड्यातून त्याचं उत्तर यायचं, ‘जा रहे हैं गुरुजी, जा ही तो रहे हैं.’ आणि तो खरंच उठून कुठे तरी जायचा. ‘कामा नये’चा अर्थ काय म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. कारण तो शब्दच नव्हे, अर्धं वाक्य आहे. गुरुजी म्हणाले, ‘अर्थ नाहीच. पण पोरांना घरी दिवसभर हेच ऐकावं लागतं. निदान चालीवर ऐकू द्या.’

‘जुळलं की कळलं’ हे त्यांचं ब्रीद. न जुळताच ज्यांना कळतं अशा लोकांवर त्यांचा विश्वास नव्हता. हेडमास्तर त्यातलेच. सज्जन माणूस, पण भित्रा. एक दिवस ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा वर्ग एका सुरात सांगत होता, ‘अस्तर: आत असतं. हेडमास्तर: आत काही नसतं.’

‘गुरुजी,’ हेडमास्तर काकुळतीला आले, ‘पोरं घरी जाऊन हे बोलतात हो.’

‘बोलतात ना? मग शिकली.’

राज्यकारभाराशीही ते अशाच जवळिकीनं वागत. संस्थान विलीन झालं त्या वेळची गोष्ट मी ऐकलेली. तोवर दोरीवर कागद होता, ‘राजा हत्तीवर बसतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली तर नवा कागद: ‘राजा होता. बाजा वाजला. पेढा ताजा.’ कुणी हळहळलं, कुणी चिडलं. गुरुजी म्हणाले की मी फक्त क्रियापद बदललं. पुढे नवा प्रांत झाला आणि सगळी कचेरी भोपाळला गेली. आमच्या लष्करातल्या घराघरांत सुतक असल्यासारखं झालं, कुणाचा भाऊ बदलून गेला, कुणाचे वडील. गुरुजींनी पोरांना शिकवलं, मी ‘भोपाळ’ म्हटलं की तुम्ही म्हणायचं ‘भोपळा’.

‘यमक नीट जुळत नाही,’ मी म्हटलं.

‘नाही जुळत. पण अर्थ बघा काय चपखल बसलाय.’

*

आता माझी गोष्ट.

मी अबोल. लहानपणापासून. घरी आई म्हणायची, ‘हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली काढणं आहे, आणि ती पण खाली निघते.’ खाली म्हणजे रिकामी. आमच्या मराठीत असं हिंदी सरसकट मिसळलेलं असतं, आम्हाला ते कळतही नाही. गुरुजींच्या वर्गात मात्र कडक कायदा होता. फाटकाबाहेर हिंदी अर्थ, फाटकाच्या आत मराठी. ‘राग’ म्हणजे बाहेर गायचा, आत आल्यावर यायचा. ‘घास’ म्हणजे बाहेर टांग्याचा घोडा खातो तो, आत आई भरवते तो. चपला काढाव्यात तसे पोरं दारात अर्थ काढून ठेवायची आणि जाताना बरोबर आपापले घालून जायची. कधी अदलाबदल झालेली मी पाहिली नाही.

तर मी तिथे लागले, आणि गुरुजींनी माझा कागद केला. आई, ताई, बाई असा तो कागद. ‘आई रागावते. ताई चिडवते. बाई बोलत नाई.’ ‘नाही’चं ‘नाई’ पोरांच्याच तोंडातून उचललेलं. पोरांना तो कागद इतका आवडला की ती रस्त्यात मला बघून ओरडायची. रामदीनचा समज झाला की यात कुणी न्हावी आहे. हिंदीत नाई म्हणजे न्हावी. त्यानं मला अदबीनं विचारलं, ‘बहनजी, उस नाई ने कुछ कहा क्या आपसे?’

मी हसले नाही. मला हसायला यायला हवं होतं, हे आज कळतं.

त्याच सुमाराला मला बघायला आले. कंपू भागात राहणारं चांगलं घर, मुलगा नोकरीचा. आमचं घर खासगी बाजारच्या गल्लीत, बैठकीची खिडकी थेट रस्त्यावर. मुलाची आई पोह्यांची बशी हातात घेऊन मला न्याहाळत होती आणि खिडकीखाली आमच्याच शाळेतली चार पोरं गोट्या खेळत होती. त्यातल्या एकाला मी दिसले. झालं. ‘बाई? बोलत नाई! बाई? बोलत नाई!’

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. ‘मुलगी बोलते न?’

‘बोलते हो, खूप बोलते,’ माझी आई घाईनं म्हणाली. ‘बोल ग काही तरी.’

काही तरी बोल म्हटल्यावर जगात कोण बोलू शकतं? मी पोह्यांकडे बघत राहिले. ते स्थळ गेलं.

आईनं रस्त्यात गाठून गुरुजींना हे सुनावलं, तर ते इतके हसले की विडा कोटावर पडला. मग वर्गात येऊन मला म्हणाले, ‘बाई, ज्या घराला बोलणारी सून हवी आहे ते घर संशयास्पद समजा.’ माझा चेहरा बघून जरा ओशाळले. ‘बदलून देऊ का? ‘‘बाई भरते शाई’’ कसं वाटतं?’ त्यांनी तसा कागद केलाही. पोरांनी एकदा म्हटला आणि टाकून दिला. त्यात मीठ नव्हतं.

मी ते मनात धरून ठेवलं. अबोल माणसाला मनात धरायला जागा भरपूर असते.

*

नव्या सरकारचे इन्स्पेक्टर येणार असं ठरलं ते ऐन थंडीत. मराठी शिशुवर्ग चालू ठेवायचा की जुलैपासून हिंदी वर्गात मिसळायचा, हे त्यांच्या मतावर होतं. वर्ग मिसळला तर गुरुजी जाणार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याजवळ ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नव्हतं, आणि त्यांची हिंदी पडाव भागातल्या टांगेवाल्यांकडून शिकलेली. तिच्यात भांडता उत्तम यायचं, शिकवता आलं नसतं. माझी हिंदीची परीक्षा झालेली होती. मी राहणार होते. हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

हेडमास्तरांनी गुरुजींना दोन्ही हात जोडले. ‘उद्या तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. साहेबांशी बाई बोलतील.’

‘बाई?’ गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग एकदम खूश झाले. ‘वा! हे मस्त आहे. मी गप्प आणि बाई बोलणार. उद्या बघण्यासारखं होणार.’

साहेब रीवाकडचे, बारीक, मफलर गुंडाळलेले, सर्दीनं बेजार. माणूस वाईट नव्हता. गुरुजींनी तोंडात मोठा विडा भरला, ओठ मिटले, हात मागे बांधले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

साहेबांनी दोरीवरचा पहिला कागद वाचला. ‘घास. अच्छा. बच्चो, घास कौन खाता है?’

‘मी!’ सगळ्या वर्गाचे हात वर.

कुसुम नावाची पुढच्या रांगेतली चुणचुणीत पोरगी उभी राहिली. ‘मी खाते. आई भरवते. बाबा पण खातात. बाबांचा घास एऽवढा असतो.’

साहेब हसले. माझ्याकडे वळले. ‘बहनजी, यह क्या मामला है?’

‘जी, मराठी में घास का अर्थ कौर होता है.’ एवढंच वाक्य. कौर म्हणजे आपला घास. सकाळी वेणी घालताना आरशासमोर मी ते घोकलेलं होतं, कारण हा शब्द अडणार हे दिसतच होतं. वाक्य जिभेवर आलेलं. मी पदराच्या टोकाकडे बघितलं.

साहेब जरा थांबले आणि पुढच्या कागदाकडे गेले. ‘भिक्षा मागतात. रिक्षा पळते. शिक्षा नको.’ त्यांनी मफलर सैल केला. ‘शिक्षा नको? नको माने?’

दारातून रामदीन मदतीला आला. ‘नको माने नहीं चाहिए, साहब.’

साहेब स्वतः शिक्षा विभागाचे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. ते वर्गाकडे वळले. ‘बच्चो, तुम्हें शिक्षा नहीं चाहिए?’

‘नाऽही!’

‘किसी को नहीं?’

‘कुण्णाला नको!’

‘शिक्षा देता कौन है?’

‘गुरुजी!’

‘तब तुम लोग क्या करते हो?’

‘रडतो!’ बहुतेक म्हणाले. मागच्या रांगेतला एक खरं बोलणारा म्हणाला, ‘पळतो.’

साहेबांचा चेहरा बदलला. भोपाळचा इथल्या मराठी मंडळींना राग आहे हे त्यांच्या कानावर असणारच. त्यांना वाटलं, पोरांना हे पढवून ठेवलेलं आहे. ‘बहनजी,’ ते आता गंभीर होऊन म्हणाले, ‘आप ही बताइए.’

गुरुजी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते. भुवया उंच केलेल्या, डोळे चमकत होते, गाल विड्यानं फुगलेला. आपल्या वर्गानं इतकी धमाल केली आणि आता बाई एका वाक्यात ती उलगडणार, साहेब खो खो हसणार, असा त्यांचा एकूण हिशोब दिसत होता. ते माझ्या वाक्याची एखाद्या पोरासारखी वाट बघत होते.

मी बोलले नाही.

त्यांच्या भुवया लगेच खाली आल्या नाहीत. हळूहळू आल्या. एवढं मला नीट आठवतं.

‘ठीक है,’ साहेब म्हणाले. ‘हमें भोपाल को रिपोर्ट...’

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. ‘भोपाल’ म्हटल्यावर काय म्हणायचं ते पोरांना पाठ होतं, आणि ती सगळी ताकद लावून ते म्हणाली.

‘भोपळा माने?’ साहेबांनी विचारलं.

‘कद्दू, साहब,’ रामदीन म्हणाला.

साहेबांनी मफलर पुन्हा गुंडाळला. निघताना हेडमास्तरांना सौजन्यानं म्हणाले, ‘बच्चे अच्छे हैं.’ टांगा फाटकाबाहेर गेल्यावर गुरुजींनी अंगणात पिंक टाकली. दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य: ‘बच्चे अच्छे. माणसाला अंग आहे यमकाचं.’ हे ते रामदीनला म्हणाले. मला नाही.

*

का बोलले नाही, हे मी पुढे स्वतःला निरनिराळ्या तऱ्हांनी समजावलं. घाबरले होते, असं पुष्कळ वर्षं म्हणत होते. ते खोटं आहे. त्या खिडकीखालच्या पोरांचा, त्या पोह्यांच्या बशीचा राग होता. तो होताच. माझी नोकरी पक्की होणार होती, हेही मला त्या क्षणी चांगलं आठवत होतं. पण या दोन्हींच्या खाली जे होतं ते जास्त लाजिरवाणं आहे. मला मजा येत होती. सगळे माझ्या एका वाक्यासाठी खोळंबले होते. साहेब, हेडमास्तर, आणि तो बडबड्या म्हातारा तर तोंड बांधून. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याला काही किंमत आली होती. ती मी पुरेपूर वसूल केली.

जुलैत वर्ग हिंदीत गेला. गुरुजींनी दोरी सोडली, कागद गुंडाळले आणि दोरीसुद्धा नेली. ‘दोरी माझी. मोरी सरकारची,’ असं जाताना म्हणाले. रामदीन फाटकापर्यंत त्यांच्या मागून गेला. ‘रामा जातो’ असं कुणी म्हणालेलं नसतानाही.

हिंदी वर्गात मी ‘बहनजी’ झाले.

गुरुजी खासगी बाजारातल्या पुतण्याच्या किराणा दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकाबरोबर पोर असेल तर पुडीबरोबर त्याला एक शब्दजोडी मिळायची. मराठी पोरांना हिंदीतली आणि हिंदी पोरांना मराठीतली. फाटक उरलंच नव्हतं, तेव्हा कायदाही त्यांनी उठवला. ‘घास तू खातोस. घास घोडा खातो. दोघं शेजारी शेजारी बसा, भांडू नका.’ पुतण्या कपाळाला हात लावायचा, पण गर्दी वाढली होती. मी मात्र तिथून जायचं टाळून लांबच्या वाटेनं शाळेत जायची.

एका एकादशीला आईनं साबुदाण्याला पिटाळलं. दुसऱ्या दुकानात संपलेला. गेले.

‘या,’ गुरुजी म्हणाले. जणू काल भेटलो होतो. ‘काय म्हणतात हल्ली पोरं तुम्हाला?’

‘बहनजी.’

त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विडा चघळला. ‘बहनजी... बहनजी... छे. काही जुळत नाही हो. निराधार झालात.’

साबुदाणा तराजूत पडत होता. मी सगळा धीर गोळा केला. ‘गुरुजी, त्या दिवशी ते साहेब आले होते तेव्हा, मी मुद्दामच...’

त्यांनी हात वर केला. ‘बोलू नका बाई,’ ते म्हणाले. ‘यमक मोडेल.’

पुडीला दोरा गुंडाळून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि मागच्या गिऱ्हाइकाच्या पोराकडे वळले. ‘ये रे. तुला काय पाहिजे, चणे की फुटाणे?’ हे त्यांनी मला माफ केलं म्हणून म्हटलं, की शिक्षा म्हणून, ते मला अजून उलगडलेलं नाही. शिक्षा हा शब्द मी मराठी अर्थानं वापरते आहे.

त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत. मी भेटायला पुन्हा गेले नाही.

*

मी अजून लहानांचाच वर्ग घेते. गेल्या थंडीत माझ्या वर्गात एक मुलगी आली, मराठी घरातली, पण आता आमच्याकडची पोरं निम्मं वाक्य झालं की हिंदीत घसरतात, तशीच तीही. पुस्तकात गाईचं चित्र होतं. मी विचारलं, ‘घास कौन खाता है?’

बाकीचे ‘गाय’ म्हणाले. ती म्हणाली, ‘मैं.’

वर्ग खदाखदा हसला. कुणी तरी ‘मूऽऽ’ केलं. तिचा चेहरा पडला. तिला आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं, आणि चुकलं काहीच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. भुवया वर करून.

‘चुप,’ मी म्हटलं. मग ते वाक्य म्हटलं. आरशासमोर घोकलेलं, जसंच्या तसं. ‘मराठी में घास का अर्थ कौर होता है.’ माझाच आवाज मला मोठा वाटला. शेजारच्या वर्गात क्षणभर शांतता झाली.

मधल्या रांगेत एक मुलगा आहे, अक्षरांशी त्याचं वर्षभर पटलेलं नाही. तो तोंडातल्या तोंडात काही तरी घोळवत होता. ‘कौर...’ तो म्हणाला. ‘कौर... और!’ आणि मी विचारायच्या आधीच त्यानं अर्थही सांगितला. ‘अम्मा कहती है न, खाते टाइम. और, और.’

वर्गानं ते लगेच उचललं. कौर, और! कौर, और! ती मुलगी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

मी पाठ फिरवली आणि फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.